टुरिस्ट होडीला डॉल्फिन रोज दिसतात, आम्हाला आठ दिवसांत चारदाच. असं का?

घाटावरची (प्रश्न)

मी मूळची मिरजेची. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. त्याआधी समुद्र पाहिला होता तो शाळेच्या सहलीत गणपतीपुळ्याला, तोही गुडघाभर पाण्यातून. जानेवारीत सिंधुदुर्गात भोगवे-निवतीच्या बाजूला डॉल्फिनच्या सर्वेक्षणात स्वयंसेवक म्हणून आठ दिवस राहून आले. प्रश्न शेवटी आहे. आधी काय झालं ते सांगते, नाहीतर "गुगल कर" एवढंच उत्तर यायचं.

पहाटे पाचला उठायचं, घरमालकीण काकूंच्या हातचा कोरा चहा घ्यायचा आणि उजाडता उजाडता होडीत. फायबरची होडी, मागे लावलेलं मशीन. वर ताडपत्री नाही, कारण ताडपत्री लावली की अर्धा समुद्र झाकतो. आम्ही चौघं. एकाने डावीकडे बघायचं, एकाने उजवीकडे, एकाने नोंदी लिहायच्या आणि एकाने डोळे मिटून बसायचं. दर अर्ध्या तासाने जागा बदलायच्या. जीपीएसमध्ये रेघा आधीच आखलेल्या. किनाऱ्यापासून आत, मग वळून परत किनाऱ्याकडे, करवतीच्या दातांसारख्या. होडी ताशी पाच-सहा सागरी मैलांच्या वेगाने त्या रेघेवरूनच जाणार. प्राणी दिसला तरच रेघ सोडायची, फोटो काढायचे आणि जिथे सोडली तिथेच परत यायचं.

पहिल्या दिवशी सव्वासातला काकूंचे घावणे मी समुद्राला परत केले. होडीवाल्या काकांनी काही न बोलता हातावर मीठ लावलेला आवळा ठेवला आणि म्हणाले, "खाली बघू नको, डोंगराकडे बघ." आता माझ्याकडे नोंदींची वही. खाली न बघता लिहायचं कसं?

वहीत दर पंधरा मिनिटांनी लिहायचं: वारा किती, लाट कशी, पाण्यावर उन्हाची चकाकी कोणत्या बाजूला, आजूबाजूला होड्या किती आणि प्राणी किती. चौथ्या दिवशी त्या शेवटच्या रकान्यात माझ्या हाताने लिहिलेली सलग अकरा शून्यं आहेत. आणि त्याच सकाळी आमच्या डाव्या हाताला, कर्ली खाडीच्या मुखाशी, आठ टुरिस्ट होड्या गोल करून उभ्या. नारिंगी जॅकेटं घातलेली माणसं उठून उठून ओरडतायत, "तो बघ, तो बघ!" आमच्या गटप्रमुख ताईंना मी अगदी काकुळतीने विचारलं, "जाऊया का?" त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून न काढता सांगितलं, "लिही. होड्या आठ, अंतर अंदाजे दीड किलोमीटर. आणि तू तुझ्या बाजूला बघ." आणि आमची होडी रिकाम्या समुद्रात सरळ पुढे निघून गेली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

आता एक चांगलं सांगते. सहाव्या दिवशी रेघेच्या अगदी जवळ दिसले. काकांनी मशीन बंद केलं. आधी आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी नुसतीच वाफ सुटते ना, तसा फुस्स. मी आवाजाकडे मान वळवेपर्यंत तिथे फक्त पाण्यावर एक गुळगुळीत वर्तुळ. मग दुसऱ्या बाजूला पाठ वर आली. पाठीवर लांबट कुबड आणि कुबडावर ठेवल्यासारखा छोटासा पर. तिच्या कुशीला चिकटून एक फिकट रंगाचं पिल्लू. आई एकदा श्वास घ्यायला यायची तेवढ्यात ते दोनदा यायचं, आणि दर वेळी डोकं गरजेपेक्षा जास्त बाहेर काढायचं, पोहायला शिकणारी पोरं काढतात तसं. बावीस मिनिटं होते ते आमच्याबरोबर. मी ४१२ फोटो काढले. त्यातल्या निदान साडेतीनशे फोटोंत नुसतं पाणी आहे, उरलेल्यांत अर्धी पाठ.

वाऱ्यामुळे दोन दिवस बुडाले. उरलेल्या सहा दिवसांत चार वेळा दिसले. देवबागहून सुटणाऱ्या टुरिस्ट होडीला म्हणे रोज दिसतात. मग टुरिस्ट होडीत बसूनच का मोजू नयेत? पैसे कमी, डॉल्फिन जास्त. आणि ह्या माझ्या पाण्याच्या फोटोंचं काय करू, उडवून टाकू का?

संकासूर

म्हणजे आठ दिवस रिकामा समुद्र बघायला आपल्या करातले पैसे. चालू द्या.

घाटावरची

@संकासूर, स्वयंसेवक आहे हो. मिरज ते कुडाळ एसटीचं तिकीटसुद्धा माझं मी काढलं.

देवबागचो तांडेल

बाय गो, तुझा वाचून माका हसाक इला, रागाव नको. टुरिस्ट होडयेक गादे रोज दिसतत, कारण ती होडी गाद्यांकडेच जाता. सकाळी पयलो जो भायर पडता तेका गावले की तो फोन करता, मगे सगळे थयच. तुमी रेघ मारून जातास. गादो काय तुमची रेघ बघून पोवता?

(मालवणी सगळ्यांना समजत नाही म्हणून पुढचं साधं लिहितो. डॉल्फिनला आम्ही गादा म्हणतो.)

तीस वर्षं दर्यावर आहे. सुट्टीच्या हंगामात टुरिस्ट, बाकीच्या दिवसांत जाळं, जून-जुलै बंदी. सुकती लागली, म्हणजे ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडायला लागलं, की त्या पाण्याबरोबर बारीक मासा बाहेर येतो. गादा तिथे तोंडावर वाट बघत असतो. म्हणून आम्ही तिथे जातो, त्यात जादू काही नाही. अकरा वाजले, खारा वारा उठला की पाणी तुटायला लागतं. मग तो असला तरी तुम्हाला दिसत नाही.

होड्या गोल उभ्या राहतात ते बरोबर नाही, मला पण कळतं. पण पाव्हण्याला गादा दिसला नाही तर तो पैसे परत मागतो. एकान तर माका इचारल्यान, "काका, शो किती वाजताचा?" मी म्हटलं, गाद्याक इचार.

आणि शिकलेल्या लोकांनी आमचं पण लिहून घ्या. गादा जाळ्यातला बांगडा खातो आणि जाळं फाडून जातो. तो दिसला की तिथे मासा आहे हे कळतं हे पण खरं, म्हणून शिव्या देतो आणि त्याच्या मागे पण जातो. दोन वर्षांमागे माझ्या जाळ्यात एक पिल्लू गुंतलं. वर काढलं तेव्हा मेलेलं होतं. मी कोणाक सांगूक नाय. भियालंय.

खारा वारा

अगं घाटावरची, पहिल्या सर्वेक्षणाहून परत आलेला प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. मी पण विचारला होता, आणि मी तर मालवणचीच. चार हंगाम हे काम केलं, आता कॉलेजात शिकवते. जरा लांब लिहिते.

समज, तुला मिरजेत रिक्षा किती आहेत ते मोजायचंय. तू एसटी स्टँडसमोर उभी राहिलीस तर कधीही जा, रिक्षाच रिक्षा. त्यावरून गावात किती आहेत हे कळेल का? आणि यातली खरी मेख पुढे आहे. उद्या गावातल्या निम्म्या रिक्षा बंद झाल्या, तरी स्टँडसमोरची रांग तुला तेवढीच दिसेल, कारण उरलेल्या सगळ्या तिथेच येणार. टुरिस्ट होडीचं तसंच आहे. उद्या या पट्ट्यातले डॉल्फिन निम्मे झाले तरी तांडेलदादांच्या पाव्हण्यांना ते रोजच दिसतील. "रोज दिसतात" हे वाक्य आज जितकं खरं आहे तितकंच तेव्हाही खरं असेल, आणि आपल्याला पत्ता लागलेला नसेल. करवतीचे दात आधी आखून त्यावरूनच जायचं ते यासाठी. रेघ कुठून जाणार हे डॉल्फिनने ठरवायचं नाही आणि आपल्या मोहानेही नाही. तुझी ती अकरा शून्यं म्हणजे अकरा वेळा तू नीट बघितलंस आणि तिथे काही दिसलं नाही. ती वही जपून ठेव. तुझ्या ताईंनी होडी वळवली असती तर मीच त्यांच्याशी भांडले असते.

अर्थात शून्य म्हणजे "नाही" असंही नाही. "दिसला नाही" एवढंच. तो पाण्याखाली असेल, किंवा वर येऊन गेला आणि आपण शिंकत होतो. म्हणून तर तू ते वारा, लाट, चकाकी लिहीत बसली होतीस, जी तुला कटकट वाटली असणार. आरशासारख्या पाण्यातलं शून्य आणि चकाकीतलं शून्य यांचं वजन सारखं धरत नाहीत. वाऱ्याच्या जोराच्या ब्यूफर्ट मापावर ३ ला, म्हणजे पाण्यावर तुरळक पांढरे तुरे दिसायला लागले की, आम्ही मोजणी थांबवून परत फिरायचो. तुमचे दोन दिवस बुडाले ते त्यामुळेच असणार.

या भागात भुलगा (इंग्रजीत फिनलेस पॉरपॉइज) पण आहे, ते तुला कोणी सांगितलं का? तो छोटा, माणसाच्या उंचीएवढा, आणि त्याच्या पाठीवर परच नसतो. उडी नाही, खेळ नाही. एकदा पाठ वळवल्यासारखी करतो आणि गेला. पाणी जरा हललेलं असलं की भुलगा दिसतच नाही. टुरिस्ट होड्यांमध्ये त्याचं नाव कधी ऐकू येत नाही, कारण तो दाखवण्यासारखं काही करत नाही. मला स्वतःला पहिल्या हंगामात एकही दिसला नव्हता. दुसऱ्या हंगामात दिसायला लागले. भुलगे वाढले नव्हते, माझे डोळे तयार झाले होते.

तू पाहिलेस ते कुबडवाले. २०१४ पर्यंत त्यांना चीनकडच्या गुलाबी डॉल्फिनच्याच जातीत धरायचे. त्या वर्षी हिंदी महासागरातल्यांची जात वेगळी मानली गेली, सूसा प्लंबिया. प्लंबिया म्हणजे शिशाच्या रंगाची. वेगळी जात म्हटल्यावर तिचा हिशोबही वेगळा मांडावा लागला, आणि २०१७ मध्ये ती आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून गेली. ही जात खोल समुद्रात फारशी जातच नाही. किनाऱ्यालगतच्या पंचवीसेक मीटर खोलीच्या पट्ट्यातच तिचं सगळं आयुष्य. आणि आपली जाळी, बंदरं, टुरिस्ट होड्या, सगळं काही त्याच पट्ट्यात. तिची अडचण ही आहे.

आता फोटो. खबरदार, एकही उडवू नकोस. उडी मारतानाचा फोटो इन्स्टाग्रामला बरा, आपल्याला तो जवळपास निरुपयोगी. आपल्याला हवा पाठीवरचा पर, बाजूने, सरळ. संगणकावर तो मोठा कर आणि त्याची मागची कड बघ. खाचा, तुकडा निघालेला, जाळ्याने कापल्यासारखा कट. ओरखडे कालांतराने भरून जातात, पण कडेची खाच सहसा जात नाही. त्यावरून एकेक प्राणी ओळखता येतो. पाण्याच्या फोटोंतही कोपऱ्यात पराचं टोक सापडतं, शिवाय वेळ आणि क्रम कळतो. पुढच्या वेळी शटर १/१००० च्या वर ठेव, आणि दोन कळपांच्या मध्ये स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढ, म्हणजे कोणता कळप कुठे संपला ते नंतर शोधावं लागत नाही. आणि एक वाईट खोड आधीच मोड: खाचा असलेलेच देखणे पर टिपायचे आणि साध्या परांकडे दुर्लक्ष करायचं. सगळ्यांचे घ्यायचे. पिल्लांचे पर बहुतेक कोरे असतात, ते पण.

@देवबागचो तांडेल, दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून भीती वाटते हे मला माहीत आहे. माझ्या स्वतःच्या चुलत्यांनी असंच एक गुपचूप सोडून दिलं होतं. पण जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जिवंत असेल आणि जाळं कापून सोडवला, तर जाळ्याची भरपाई देणारी राज्य सरकारची योजना २०१८ पासून आहे, २५,००० रुपयांपर्यंत. सोडवतानाचे फोटो लागतात. तुमच्या मच्छीमार सोसायटीत विचारा.

होड्यांचं म्हणाल तर मी एकच सांगेन. गोल करू नका, एक बाजू उघडी ठेवा, खोल पाण्याकडची. आणि आई-पिल्लाच्या मधून होडी घालू नका.

देवबागचो तांडेल

पंचवीस हजाराचा माका कोणी सांगूक नाय. इचारतंय.

बाजू उघडी ठेवायचं आम्ही आपापसात बोलतो. पण एकाने ठेवली की दुसरा तीच जागा धरून पुढे घुसतो. सगळ्यांनी मिळून ठरवायला पाहिजे.

संकासूर

रिक्षाचं उदाहरण पटलं. आधी लिहिलं ते मागे घेतो.

घाटावरची

@खारा वारा ताई, काल रात्री दीड वाजेपर्यंत बसून ४१२ च्या ४१२ बघितले. पराचे कामाचे निघाले तेवीस. त्यातल्या सहाव्या दिवशीच्या एका पराला मागच्या कडेवर, वरच्या टोकाच्या जरा खाली, एक स्वच्छ गोल खाच आहे. एसटीच्या कंडक्टरने तिकिटाला चिमटा मारावा तशी. मी त्याचं नाव वहीत "चिमटा" लिहून टाकलं. मग दुसऱ्या दिवशीचे फोटो काढले. ते आमच्या गटप्रमुख ताईंच्या कॅमेऱ्यातले, आम्ही सगळ्यांनी आपसात वाटून घेतले होते. त्यात दोन पाण्याच्या फोटोंच्या मध्ये, अर्धा कापलेला, तोच पर! दुसऱ्या दिवशी निवतीच्या किल्ल्यासमोर, सहाव्या दिवशी भोगव्यासमोर. म्हणजे चार वेळा दिसलेल्यांत निदान एक तरी आम्ही दोनदा मोजलाय ना? मी इतकी जोरात ओरडले की आई उठून बघायला आली. तिला स्क्रीनवर दाखवलं तर म्हणते, "ह्यात काय आहे? पाणीच तर आहे."

खारा वारा

तुझ्या आईंना नमस्कार.

उत्साह जरा आवर. सहाव्या दिवशीचा फोटो डाव्या बाजूचा आहे की उजव्या? आणि दुसऱ्या दिवशीचा? बाजू वेगळ्या असतील तर खाच आरशातल्यासारखी उलटी दिसेल, तेव्हा एक फोटो डावी-उजवी उलटा (फ्लिप) करून मग शेजारी ठेव. शिवाय तूच शोधलंस आणि तूच जुळवलंस असं चालत नाही. गटातल्या दुसऱ्या कोणाला तरी तेवीसच्या तेवीस आणि दुसऱ्या दिवशीचे फोटो दे आणि तुझं उत्तर न सांगता जुळवायला सांग. त्यालाही "चिमटा" सापडला तर माझ्याकडून तुला घावणे, किनाऱ्यावर बसून.

आणि दोनदा मोजला म्हणून हिरमुसू नकोस. ओळखीचे पर पुन्हा किती वेळा भेटतात, यावरूनच तर एकूण किती असतील याचा अंदाज बांधतात.

देवबागचो तांडेल

वरच्या टोकाखाली गोल खाच? आणि कुबडावर पांढरा डाग आहे का, नाण्याएवढा? असेल तर तो माझ्या ओळखीचो आसा. माझ्या मोबाईलात फोटो आहे, मागल्या का त्याच्या आदल्या दिवाळीतला. पाव्हण्यांच्या पोराने काढून दिलेला. पाठवू काय?

घाटावरची

डाग आहे!! मला वाटलं उन्हाची चकाकी आहे.

खारा वारा

दादा, पाठवा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून नको, त्यात तारीख-वेळ गळून जाते. घरात कोणी तरुण असेल तर त्याला सांगा, फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायचा. आणि कुठे काढला होता ते आठवत असेल तर लिहा, किनाऱ्यावरची खूण सांगितलीत तरी चालेल.

देवबागचो तांडेल

नातवाक सांगतंय, शाळेतसून येवंदे. जागा आठवता. कर्लीचा तोंड, सुकती लागलेली, आणि माझ्या होडयेत साताऱ्याची चार माणसा उलट्ये करी होती.